शॉस्कोप व्हॉल्यूम वन: हाँगकाँगचा कुंग फू, आणि त्यात कोरिया, जपान, लंडन, म्हैसूर सगळंच

ॲरो व्हिडिओ या ब्रिटिश कंपनीनं २०२१ मध्ये काढलेला हा ब्लू-रे बॉक्ससेट आहे, शॉ ब्रदर्स स्टुडिओचे १९७२ ते १९७९ मधले बारा पिक्चर, सोबत सचित्र पुस्तिका आणि संगीताच्या दोन सीडी. ज्यांना कुंग फू पिक्चर म्हणजे नुसती हाणामारी वाटते त्यांनी तर नक्कीच वाचा, कारण मला या सेटबद्दल जे सांगायचंय ते हाणामारीच्या पलीकडचं आहे. ज्याला आपण अस्सल चिनी माल समजतो तो बनवणारे हात किती देशांचे होते हे इतकं स्पष्ट मला कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं, इथं ते एकेका पिक्चरमध्ये डोळ्यांसमोर दिसतं.

आधी थोडं शॉ बंधूंबद्दल, कारण त्याशिवाय सेटची मजा अर्धीच. हे मूळचे निंगबोचे, १९२५ मध्ये थोरल्या भावानं शांघायला थिएनयी नावाची फिल्म कंपनी काढली. धाकटे दोघे, रनमी आणि रन रन, सिंगापूरला गेले आणि तिथं आणि मलायात थिएटरांची साखळी उभी केली. आता गंमत बघा, त्या थिएटरांत येणारा प्रेक्षक चिनी होता, मलय होता, तमीळ होता, मग नुसते चिनी पिक्चर दाखवून कसं भागणार? म्हणून सिंगापूरला त्यांनी मलय पिक्चरचा स्टुडिओ चालवला आणि दिग्दर्शक आणले भारतातून. फणी मजुमदार हे नाव जुनी हिंदी गाणी ऐकणाऱ्यांना माहीत असेल, सैगलचा 'स्ट्रीट सिंगर' त्यांचाच, मुंबईतही त्यांनी बरंच काम केलं, तर हे मजुमदार १९५० च्या दशकात सिंगापूरला शॉकडे होते आणि १९५६ चा 'हांग तुआ' हा गाजलेला रंगीत मलय पिक्चर त्यांनी केला, मलय पिक्चरचा मोठा स्टार पी. रामली याला घेऊन. म्हणजे नंतर ज्या कंपनीनं शाओलिन मठाचे कुंग फूवाले भिक्खू जगभर पोचवले तिच्या पगारपत्रकावर एक बंगाली दिग्दर्शक होता. हे सेटमध्ये नाहीये, पण माहीत असलं की पुढचं सगळं नीट लागतं. कारण रन रन शॉ १९५७ मध्ये हाँगकाँगला आला तेव्हा ही सवय सोबत घेऊनच आला, की चांगला माणूस जिथं मिळेल तिथून आणायचा. १९६१ मध्ये हाँगकाँगच्या क्लिअरवॉटर बे इथं मूव्हीटाउन हा त्यांचा मोठा स्टुडिओ उघडला आणि मग तिथं माणसं यायला लागली जपानहून, कोरियाहून, तैवानहून.

सेटमधला पहिला पिक्चर आहे 'किंग बॉक्सर', १९७२ चा, आणि तोच सगळ्यात मोठा पुरावा. दिग्दर्शक जंग चांग-ह्वा हा कोरियन. हीरो लो लिए, जन्म इंडोनेशियातला. गोष्ट चिनी आखाड्यांची, दोन गुरू, एक स्पर्धा, दुष्ट गुरू जपानी मारेकरी बोलावतो वगैरे. आणि हीरो लोखंडी पंजाची विद्या वापरायला लागला की त्याचे तळहात लाल चमकतात आणि मागे सायरनसारखं म्युझिक किंचाळतं, ते म्युझिक आहे अमेरिकेतल्या 'आयर्नसाइड' या टीव्ही मालिकेचं, क्विन्सी जोन्सचं. आता विचार करा, कोरियन दिग्दर्शक, इंडोनेशियात जन्मलेला हीरो, अमेरिकन पोलिसी मालिकेची ट्यून, आणि एवढं सगळं असून पिक्चर कुठंही उसना वाटत नाही. तो सायरन वाजला की अंगावर काटा येतो, बास. वॉर्नर ब्रदर्सनं हाच पिक्चर १९७३ मध्ये 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' नावानं अमेरिकेत लावला, ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' यायच्या काही महिने आधी, आणि तिथं कुंग फूची जी लाट आली तिची सुरुवात इथून झाली. शहरातल्या काळ्या प्रेक्षकांनी हे पिक्चर आपलेसे केले आणि वीस वर्षांनी, १९९३ मध्ये, न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या रॅप ग्रुपनं पहिल्या अल्बमच्या नावातच शॉच्या दुसऱ्या एका पिक्चरच्या नावातले छत्तीस चेंबर घेतले. म्हणजे अमेरिकेतून ट्यून आली आणि अमेरिकेला परत गेली, पण जाताना हिपहॉप होऊन गेली.

प्रिंट फार सुंदर आहे. आमच्या पिढीनं हे पिक्चर व्हिडिओ कॅसेटवर बघितलेत, दोन्ही बाजू कापलेल्या, रंग विटलेले, मारामारीत अर्धा माणूस पडद्याबाहेर. इथं पूर्ण रुंदीची फ्रेम आहे आणि तेव्हा कळतं की शॉस्कोप शॉस्कोप म्हणून, म्हणजे शॉच्या रुंद पडद्याचं, एवढं कौतुक कशाला होतं. या रुंद पडद्यामागेही जपान आहे बरं का. निशिमोतो तादाशी नावाचा जपानी कॅमेरामन १९५० च्या दशकातच शॉकडे आला आणि रंगीत, रुंद पडद्याचं काम इथल्या लोकांना त्यानं करून दाखवलं. त्यानं शूट केलेल्या एका पिक्चरला १९६२ मध्ये फ्रान्सच्या कान फिल्म महोत्सवात तांत्रिक बक्षीस मिळालं. पण श्रेयनामावलीत त्याचं नाव यायचं चिनी, हो लान-शान, कारण युद्धात जपाननं जे केलं ते लोक विसरले नव्हते, जपानी नाव बघून प्रेक्षक बिथरला असता. पडद्यावर जपानी माणूस व्हिलन आणि कॅमेऱ्यामागे जपानी माणूस उस्ताद, हे दोन्ही एकाच वेळी, एकाच स्टुडिओत. ब्रूस लीचा 'वे ऑफ द ड्रॅगन' सुद्धा याच निशिमोतोनं शूट केलाय.

'बॉक्सर फ्रॉम शांटुंग' हा माझ्या मते दिग्दर्शनाच्या दृष्टीनं सेटमधला सगळ्यात भारी. चांग चेह आणि पाओ श्युए-ली यांचा. खेड्यातून शांघायला आलेला कंगाल पोरगा मा युंग-चेन, चेन कुआन-ताईनं केलाय, हळूहळू टोळीवाला होतो. एका श्रीमंत दादाकडची सिगारेट होल्डर त्याला फार आवडते, आणि वर चढत गेल्यावर त्याच्या ओठातही तशीच होल्डर येते, दिग्दर्शक काही बोलत नाही, फक्त ती होल्डर दाखवत राहतो. जुन्या अमेरिकन गँगस्टर पिक्चरचा सगळा सांगाडा इथं आहे, चढण आणि कोसळणं, पण आत्मा चिनी वीरकथेचा. मध्ये एका गोऱ्या पैलवानाशी कुस्तीपण आहे, शांघाय तेव्हा किती सरमिसळ शहर होतं ते त्या एका प्रसंगात येतं. आणि शेवटची चहाच्या दुकानातली मारामारी... पोटात कुऱ्हाड रुतलेली आणि माणूस लढतोय, लढतोय, थांबतच नाही. लहान पोरांसोबत बघू नका. असिस्टंट डायरेक्टर कोण होता माहितीये? जॉन वू. पुढं ८० च्या दशकात त्यानं पांढऱ्या सुटातले, दोन पिस्तुलंवाले हीरो काढले आणि नंतर हॉलिवूडला गेला, त्याच्या सगळ्याचं बी इथं आहे.

तैवानला शूट झालेले 'फाइव्ह शाओलिन मास्टर्स' आणि 'शाओलिन टेंपल' ठीक आहेत, चांगले आहेत, पण माझं मन तिथं फार रमलं नाही, सगळे पोरगे एकसारखे दिसतात आणि गोष्ट पुढं सरकत नाही. 'फाइव्ह व्हेनम्स' मात्र बघाच, विंचू, सरडा, बेडूक अशा विद्या शिकलेले गुरुबंधू आणि कोण कोण आहे हेच कोणाला माहीत नाही, एकदम रहस्यकथा. 'क्रिपल्ड अॅव्हेंजर्स' मध्ये एक आंधळा, एक मुका-बहिरा, एक पाय तोडलेला आणि एक वेडा केलेला असे चार जण मिळून सूड घेतात. हा अपंग हीरोचा धागा मागे नेला तर चांग चेहच्याच १९६७ च्या 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' पर्यंत जातो, आणि तिथून जपानच्या झाटोइचीपर्यंत, म्हणजे तो आंधळा मालिशवाला तलवारबाज. शॉची माणसं जपानी तलवारीचे पिक्चर अगदी अभ्यास म्हणून बघत होती. नक्कल म्हणून सोडून देता येत नाही हे मात्र, कारण चांग चेहनं त्यात जे घातलं, ती रक्तबंबाळ मैत्री, तो उघड्या छातीनं मरायची हौस, ते झाटोइचीत कुठंच नाही. आणि पुढं १९७१ मध्ये दोन्ही हीरोंना एकत्र आणून एक पिक्चरच निघाला, हाँगकाँग आणि जपान मिळून, तो अर्थात या सेटमध्ये नाही, शॉचा नव्हताच तो.

आता 'मायटी पेकिंग मॅन'. सरळ सांगतो, हा पिक्चर चांगला आहे असं कोणीच म्हणणार नाही पण मी तो पुन्हा पुन्हा बघणार आहे. हॉलिवूडनं १९७६ मध्ये किंग काँग नव्यानं काढला आणि शॉनं लगेच पुढच्या वर्षी आपला महाकाय वानर काढला. स्पेशल इफेक्टला जपानहून आरिकावा सादामासा, गॉडझिलावाल्या तोहो स्टुडिओत घडलेला माणूस. हिरॉइन एव्हलिन क्राफ्ट स्वित्झर्लंडची. हीरो डॅनी ली हाँगकाँगचा. आणि हिमालयातलं जंगल म्हणून जे दाखवलंय ते आहे म्हैसूरचं! आपल्याला ते पहिल्या शॉटला कळतं, झाडं, हत्ती, गावातली माणसं, उन्हाचा रंगसुद्धा. घरात सगळे एकदम ओरडले, अरे हे तर आपलं आहे. हिमालयात असला हत्तींचा कळप आणि असली झाडी कुठून येणार, पण हाँगकाँगच्या प्रेक्षकाला भारत म्हणजे एकच मोठं जंगल, त्याला काय पडलीये. हे बघून राग येत नाही, वाईटही वाटत नाही, उलट मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या हिंदी पिक्चरांतली 'शांघाय' आणि 'हाँगकाँग' पण अशीच तर होती. आणि शेवटी तो वानर चढतो ते हाँगकाँगच्या त्या गोल खिडक्यांच्या उंच इमारतीवर, कनॉट सेंटर, आता जार्डीन हाउस म्हणतात. इमारतीचं आणि शहराचं मिनिएचर काम मन लावून केलंय, या प्रिंटमध्ये एकेक खिडकी दिसते. अमेरिकन दिग्दर्शक टॅरंटिनोनं १९९९ मध्ये हा अमेरिकेत परत थिएटरला लावला होता.

पण सेट ज्याच्यासाठी घ्यायचा तो पिक्चर आहे 'हीरोज ऑफ द ईस्ट', १९७८, दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग. लाउ म्हणजे नुसता फाइट मास्टर नव्हे, त्याच्या वडिलांचे गुरू लाम साई-विंग आणि लामचे गुरू खुद्द वाँग फेइ-हुंग हा प्रसिद्ध कुंग फू उस्ताद, म्हणजे ज्याच्यावर शेकड्यानं पिक्चर निघाले त्याच परंपरेतला खराखुरा माणूस. अशा माणसानं जपान्यांना हाणून काढणारा पिक्चर केला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं, तेव्हा तेच चालायचं. यानं केलं काय? लग्नाची गोष्ट केली. गॉर्डन लिऊ हा चिनी पोरगा, वडिलांनी लहानपणीच एका जपानी मुलीशी लग्न ठरवून ठेवलेलं, हा आजारी पडायचं नाटक करतो, मग मुलगी बघितल्यावर आजार पळून जातो. इथपर्यंत अगदी आपल्याकडच्या कुठल्याही घरातलं. पण बायको, युका मिझुनोनं केलीये, कराटेवाली निघते, सकाळी उठून अंगणात प्रॅक्टिस करते आणि भिंती, पुतळे, सगळं फुटतं. मग भांडण सुरू, तुझी तलवार चांगली की माझी, तुझी विद्या मूळची की माझी. ती चिडून माहेरी जपानला जाते. हा तिला परत आणायला म्हणून डिवचणारं पत्र लिहितो, आणि ते पत्र तिकडं वाचलं जातं चिनी माणसानं सगळ्या जपानी विद्यांना दिलेलं आव्हान म्हणून. झालं, सात उस्ताद जहाजात बसून दारात हजर.

पुढचा निम्मा पिक्चर म्हणजे एकेक सामना. काताना म्हणजे जपानी तलवार विरुद्ध चिनी तलवार, भाला विरुद्ध भाला, ननचाकू विरुद्ध तीन तुकड्यांची काठी. कराटेवाल्याशी लढायला हीरो दारुड्या मुष्टीची विद्या घेतो, आणि ती शिकायची कशी तर एका दारुड्या म्हाताऱ्या उस्तादाच्या नादी लोकांना लावून, त्याचे हातपाय बघत बघत, आणि तो दारुडा म्हणजे स्वतः दिग्दर्शक लाउ. शेवटचा निंजा आहे यासुआकी कुराता, जपानी ॲक्शनचा मोठा माणूस, त्याचा खेकड्यासारखा सरपटत लढायचा प्रकार बघताना हसू पण येतं आणि भीती पण वाटते.

यात एक क्षण मी थांबवून परत बघितला. पहिला जपानी तलवारबाज हरतो, आणि गुडघ्यावर बसून आपली तलवार दोन्ही हातांनी पुढं करतो. त्याच्याकडं तो आदर आहे, तू माझ्यापेक्षा मोठा, ही घे. हीरोला हे माहीतच नाही. तो बघतो, आणि निघून जातो. त्या जपानी माणसाचा चेहरा! कॅमेरा फार वेळ थांबत नाही पण जेवढा थांबतो तेवढ्यात सगळं आलं. हरल्याचं दुःख नाही त्या चेहऱ्यावर, आदर नाकारला गेल्याचं आहे. नंतर बायको त्याला समजावते की तू काय केलंस. एवढ्याशा गोष्टीवरून दोन देशांत किती गैरसमज होऊ शकतो ते एका वाक्याचं भाषण न देता दाखवलंय. आणि सबंध पिक्चरमध्ये एकही माणूस मरत नाही. १९७८ मध्ये, शॉच्या कुंग फू पिक्चरमध्ये, समोर जपानी असताना, कोणी मरत नाही! माझ्यासाठी या एका गोष्टीत या पिक्चरचा मोठेपणा आहे. जपानी नट खरे जपानी, त्यांच्या विद्या नीट, मान ठेवून दाखवलेल्या, त्यांना मूर्ख केलेलं नाही. हा बायकांनाही फार आवडतो, आमच्याकडं कुंग फू म्हटलं की उठून जाणाऱ्या मंडळींनी पण शेवटपर्यंत बघितला.

'चायनाटाउन किड' मध्ये दिशा उलटी, हाँगकाँगचा पोरगा सॅन फ्रान्सिस्कोला पळून जातो, हॉटेलात भांडी घासतो, आणि त्याचं स्वप्न काय तर एक डिजिटल घड्याळ. यातला हीरो फू शेंग इतका गोड नट होता, १९८३ मध्ये गाडीच्या अपघातात गेला, तिशीही गाठली नव्हती. परदेशात राहणाऱ्या आपल्या पोरांनी बघावा असा आहे हा.

आता संगीताच्या सीडी. या मला आधी फालतू बोनस वाटल्या असतील असं समजू नका, मी मुद्दाम त्यासाठीच थांबलो होतो. शॉकडे वर्षाला ढीगभर पिक्चर निघायचे, प्रत्येकाला नवीन संगीत कोण करणार, मग लंडनच्या डी वुल्फ नावाच्या कंपनीच्या तयार म्युझिकच्या रेकॉर्डी आणायच्या आणि जिथं बसेल तिथं बसवायच्या. म्हणजे शाओलिनच्या मठावर हल्ला होतोय आणि मागे जे ढोल-तुताऱ्या वाजतायत त्या इंग्रज वादकांच्या. या सीडीत तेच ट्रॅक वेगळे काढून दिलेत. हे काम कोणीतरी किती जीव लावून केलं असेल! गाडीत लावून ऐकतो मी.

आवाजाबद्दल एक सांगायला हवं. बऱ्याच पिक्चरना मँडरिन आणि इंग्लिश डबिंग दोन्ही आहेत, काहींना कँटोनीज पण. लोक विचारतात ओरिजिनल कुठला. तर तेव्हा सेटवर आवाज घेतच नव्हते, सगळं नंतर डब व्हायचं. हाँगकाँग शहर कँटोनीज बोलणारं, पण शॉ पिक्चर काढायचा मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, कारण तैवान आणि आग्नेय आशियातला बाजार. कँटोनीज सिनेमा तर जवळजवळ बंदच पडत आला होता, तो १९७३ नंतर परत उभा राहिला, आणि तोही शॉच्याच एका पिक्चरनं. त्यामुळे मी मँडरिन ठेवून इंग्लिश सबटायटल लावतो, पण 'किंग बॉक्सर' इंग्लिश डबिंगमध्ये एकदा बघाच, अमेरिकेनं तो तसाच ऐकला.

माझी तक्रार एकच आणि ती मोठी आहे. सेट फक्त ७० च्या दशकातल्या मारधाडीचा आहे. शॉचे ह्वांगमेई ऑपेराचे, म्हणजे चिनी संगीतनाटकाच्या ढंगाचे, पिक्चर नाहीत, आणि मुख्य म्हणजे इनोऊए उमेत्सुगु नाही. या जपानी दिग्दर्शकानं शॉकडे सतरा पिक्चर केले, 'हाँगकाँग नॉक्टर्न' सारखे नाचगाण्याचे, तेही आपलेच जपानमधले जुने पिक्चर नव्यानं करून, तीन बहिणी, स्टेज, रंगीत दिवे, आपल्याला एकदम घरचं वाटेल असं. सरमिसळीची गोष्ट सांगायची तर तो भाग वगळून कशी सांगणार? कुंग फू विकतो हे मला समजतं, पण एक तरी गाण्याचा पिक्चर घालायला हवा होता.

घ्यायचा असेल तर हे बघून ठेवा. ब्लू-रेला रीजन असतात, भारत येतो रीजन सी मध्ये, आणि हा सेट ब्रिटन-अमेरिकेसाठी काढलाय, त्यामुळे तुमचा प्लेअर कुठला आहे ते आधी तपासा नाहीतर एवढे पैसे घालून डिस्क नुसत्या बघत बसाल. रीजन-फ्री प्लेअर असला तर प्रश्न नाही. स्वस्त नाहीये, त्यात कस्टम ड्युटी वेगळी. पार्सलनं मागवण्यापेक्षा तिकडून कोणी येणार असेल त्याच्याकडून आणवा, माझ्या बॉक्सचा एक कोपरा कुरियरवाल्यानं चेपून आणलाय, आतल्या डिस्क नीट आहेत. सबटायटल फक्त इंग्लिश. पुस्तिकेतले लेख वाचण्यासारखे आहेत, आणि 'किंग बॉक्सर' च्या डिस्कवर जंग चांग-ह्वाची मुलाखत आहे ती पिक्चर बघून झाल्यावर बघा, आधी नको.

बघायचा क्रम मी असा सुचवेन: 'किंग बॉक्सर', मग थेट 'हीरोज ऑफ द ईस्ट', म्हणजे जपान्यांकडं बघायची नजर सहा वर्षांत कशी बदलली ते लागोपाठ कळेल. मग 'बॉक्सर फ्रॉम शांटुंग', 'चायनाटाउन किड', आणि 'डर्टी हो', ज्यात दारू चाखता चाखता, जुन्या वस्तू बघता बघता, चेहऱ्यावरचं हसू न मोडता लोक एकमेकांना मारायला बघतात, असली कोरिओग्राफी परत झाली नाही. 'मायटी पेकिंग मॅन' रविवारी दुपारी सगळ्यांना बसवून. यानंतरचे व्हॉल्यूम टू आणि थ्री पण आलेत, छत्तीस चेंबरवाले टू मध्ये आणि 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' थ्री मध्ये, पण पैसे एकाच सेटपुरते असतील तर हाच घ्या. पाचपैकी साडेचार, अर्धा इनोऊएसाठी कापला.